समुद्र आवडतो, पण वाळू, ऊन आणि चिकचिक नको: उपाय सुचवा

निवांत_कोथरूड

घरात समुद्रावरून दोन तट आहेत. एका तटाला किनाऱ्यावर तासन्‌तास नुसतं बसायला आवडतं. दुसऱ्याचा पाय वाळूत पडला की वैताग सुरू: वाळू कपड्यांत, मीठ अंगावर, ऊन डोक्यावर, आणि वर 'आता करायचं काय?' हा प्रश्न.

दिवेआगरला शुक्रवार-शनिवार अशा दोन रात्री ठरल्यात. शनिवारी वद्य नवमी, रविवारी दशमी. सोबत पंचाहत्तरीचे सासू-सासरे (सासऱ्यांना मधुमेह आहे) आणि सहा वर्षांचा मुलगा. 'काय काय बघाल' अशी यादी नकोय, ती सगळीकडे आहे. वैताग नेमका कशाने येतो आणि तो कसा टाळायचा, एवढंच सांगा. प्रवासवर्णनांसाठी वेगळा धागा आहे, इथे कृपया मुद्द्याचं.

भोचक

पुणेकराचा समुद्राबद्दलचा वैताग ताम्हिणीतच सुरू होतो. पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा करत साधारण १६० किलोमीटर. चार-साडेचार तास धरा. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, घाट उतरेपर्यंत मोबाइल बघू देऊ नका आणि निघताना मिसळ खाऊ घालू नका. पुढचं जाणकार सांगतील.

गणितमास्तर

बुकिंग करताना सुट्टी बघितलीत, तिथी बघितली नाहीत. बहुतेकांचं इथेच चुकतं.

कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३, म्हणजे तीन वाजता. द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणखी सव्वासहा तासांनी पुन्हा भरती. रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशोब मुंबईच्या आसपास चांगला बसतो, दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी लवकर येते. अर्ध्या-पाऊण तासाची सूट ठेवा आणि जाण्याआधी त्या जागेचं भरतीचं वेळापत्रक एकदा बघून घ्या.

आता तुमची नवमी: ९ × ३/४ = पावणेसात. सकाळी पावणेसातला भरती, दुपारी एकला ओहोटी, संध्याकाळी सातला पुन्हा भरती. म्हणजे ओल्या, घट्ट वाळूवरून लांबवर चालायची वेळ नेमकी टळटळीत दुपारी, आणि सूर्यास्ताला पाणी वर आलेलं. हेच पौर्णिमेला किंवा अमावास्येला गेलात तर सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी, पुळण सगळ्यात रुंद.

सुरूची_सावली

मास्तरांचा हिशोब बरोबर, पण 'चुकलं' हा निष्कर्ष मान्य नाही. आधी कोणाला काय आवडतं ते बघा. चालणाऱ्याला ओहोटी हवी, बसणाऱ्याला भरती. ओहोटीला दिवेआगरसारख्या सपाट किनाऱ्यावर पाणी इतकं मागे जातं की खुर्चीत बसलेल्या माणसाला लांबवर एक पांढरी रेघ दिसते आणि वाऱ्याचाच आवाज येतो. भरतीला लाटा जवळ येतात, आवाज भरून येतो, पंचाहत्तरीच्या माणसाला पाय भिजवायला दहा पावलं पुरतात. शिवाय अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, उधाणासारखी वर चढत नाही, त्यामुळे बसायला कोरडी वाळू शिल्लक राहते. सासू-सासऱ्यांसाठी ही तिथी उत्तमच आहे. बुकिंग बदलू नका.

दुसरं म्हणजे सावली. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे आणि मागे सुरूचं बन. सकाळी ऊन पाठीमागून येतं, त्यामुळे सुरूची सावली समुद्राच्या बाजूला, वाळूवर पडते. साधारण नऊ-साडेनऊपर्यंत तुम्ही समुद्राकडे तोंड करून सावलीत बसू शकता. दुपारनंतर हीच सावली उलटी गावाकडे वळते. तेव्हा किनाऱ्याच्या बाजूला झाड असूनही ऊन थेट तोंडावर येतं, आणि लोक म्हणतात 'इथे सावलीच नाही'. दुपारी बसायचंच असेल तर झाडांच्या मागच्या बाजूला बसा.

वाऱ्याचंही तसंच. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत ना? हिवाळ्यात पहाटे मतलई वारे जमिनीकडून वाहतात, पाणी शांत असतं. ऊन चढलं की खारे वारे सुरू होतात, दुपारी तीन-चारला जोरात. कोरडी वाळू उडून डोळ्यांत, डब्यात, केसांत जाते ती याच वेळी. म्हणजे ज्यांना वाळूचा त्रास आहे त्यांना दुपारी किनाऱ्यावर नेणं हा निव्वळ छळ आहे.

टीपकागद

चिकचिकीचं कारण सांगतो, उपाय त्यातच आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार अंगावर राहतात. त्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. म्हणून टॉवेलने कितीही पुसा, पाच मिनिटांत अंग पुन्हा चिकट. पुसण्याने मीठ फक्त पसरतं. गोड्या पाण्याने धुणं हाच उपाय.

त्यासाठी फार पाणी लागत नाही. बागेत फवारणीला वापरतात तो दोन लिटरचा हातपंप घ्या, नवा घ्या, औषध मारलेला नको. दोन लिटरमध्ये एका माणसाचे पाय, हात, मान आणि चेहरा स्वच्छ होतात. तांब्याने ओतलं तर तेवढ्याच कामाला पाच-सहा लिटर जातात. गाडीत पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून ठेवा.

वाळूचा क्रम उलटा असतो. ओली वाळू झटकू नका, ती पाण्यामुळे त्वचेला धरून बसलेली असते आणि चोळली तर कातडी खरवडते. एकतर ती पूर्ण सुकू द्या आणि मग झटका, नाहीतर टाल्कम पावडर भरपूर टाकून हाताने हलकेच खाली सारा. पावडर ओल शोषते, वाळू सुटते. पोटऱ्या आणि पायाच्या बोटांमधल्या जागा याने दोन मिनिटांत कोरड्या होतात. लहान मुलाला पावडर लावताना तोंडाजवळ उधळू नका.

कपड्यांत सुती टाळा. ओलं सुती कापड पाणी आणि मीठ धरून ठेवतं, मांड्या घासून सोलवटतात, आणि मग सगळा दोष समुद्राला. पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टरची अर्धी चड्डी, आतून मांड्यांना आधीच पेट्रोलियम जेली. जीन्स घालून पाण्यात उतरणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही.

चष्मेवाली

टीपकागद यांच्या प्रतिसादाला +१. एक भर: चष्म्यावर तुषार वाळून मीठ जमतं. ते पदराने किंवा कोरड्या फडक्याने पुसलं की काचेवरच्या लेपाला बारीक ओरखडे पडतात. आधी गोडं पाणी, मग मऊ कापड. मोबाइल झिपच्या पिशवीत ठेवा, आणि चार्जिंगच्या खाचेला ओल लागली असेल तर वाळेपर्यंत चार्जर लावू नका.

पायवाट

सासऱ्यांसाठी, हे कृपया सगळ्यांनीच वाचा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. दुपारची कोरडी वाळू भाजते आणि त्यांना ते कळतही नाही, शिंपला कापतो तेही कळत नाही. त्यामुळे अनवाणी अजिबात नको, ओल्या वाळूवरही नको. अंगठ्याची उघडी चप्पल नको, वाळू आत घासून फोड येतो. मागे पट्टा असलेली, पुढून बंद, धुता येईल अशी सँडल हवी. खोलीवर आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवून, बोटांमधल्या जागा कोरड्या करून, तळवे दिव्याखाली दुसऱ्या कोणीतरी बघायचे. छोटी जखम दिसली तरी धुवून, झाकून, त्या दिवशी पाण्यात पाय नाही.

खुर्चीचा प्रश्न राहिला. प्लास्टिकच्या खुर्चीचे चार पाय म्हणजे चार खिळे. माणूस बसला की एक पाय आधी रुततो, खुर्ची कलते, उठताना तोल जातो. वाळूत पडलं तर लागत नाही हा गैरसमज आहे, वयस्कर माणसाचं मनगट त्यातच जातं. प्रत्येक पायाखाली १५ × १५ सेंटिमीटरची प्लायची फळी ठेवा, १२ मिलिमीटर जाडीची पुरते. खुर्ची थोडी समुद्राच्या उताराकडे, पण पाठ किंचित मागे कललेली राहील अशी लावायची. उठवताना समोरून हात ओढायचा नाही, बाजूने दंडाला आधार द्यायचा.

निवांत_कोथरूड

हे सगळं लिहून घेतेय. एक विचारते: वैतागणाऱ्या तटातल्या एकीला लाटेत उभं राहिलं की गरगरतं. पाणी घोट्याइतकंच असतं. ही भीती आहे की आणखी काही?

पायवाट

बऱ्याच जणांना होतं. लाट परतताना पायाकडे बघितलं की पाणी आणि वाळू दोन्ही समुद्राकडे धावतात, आणि डोळे सांगतात की आपणच मागे सरकतोय. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण उभे आहोत. दोघांचं जुळत नाही, म्हणून गरगरतं. त्यात परतणारं पाणी टाचेखालची वाळू काढून नेतं, आधी टाचेभोवती कोरून एक खळगा होतो, मग टाच खाली जाते आणि अंग मागे झुकतं. म्हणजे शरीर खरोखरच कलतंय, भास नाही.

उपाय: नजर क्षितिजावर. पाय खांद्याइतके फाकवून, एक पाय पुढे, समुद्राकडे तिरकं उभं राहायचं. प्रत्येक लाटेनंतर पावलं उचलून जागा बदलायची. तरीही नको वाटत असेल तर नको. किनाऱ्यावर येऊन पाण्यात गेलंच पाहिजे असा काही नियम नाही.

दर्यावर्दी_नाही

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी, कारण हा विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

लाटा वाळूच्या उंचवट्यांवर फुटून पाणी किनाऱ्याकडे लोटतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि उंचवट्यांच्या मधल्या खिंडीतून जोरात बाहेर जातं. हीच 'ओढ'. फसगत अशी की ती जागा सगळ्यात शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे दहा-वीस मीटरचा पट्टा गप्प, थोडा गडद किंवा गढूळ, फेस समुद्राकडे वाहतोय, अशी जागा दिसली की तिथे उतरायचं नाही. नवखी माणसं 'इथे लाटा नाहीत' म्हणून मुलाला नेमकी तिथेच नेतात. उतरण्याआधी थोडं उंचावर उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा.

सापडलातच तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही, चांगला पोहणाराही दमतो. ओढ खाली खेचत नाही, बाहेर नेते. तरंगत राहा, हात वर करून हाक मारा, आणि किनाऱ्याला समांतर, फुटणाऱ्या लाटांच्या दिशेने सरका. त्या लाटा तुम्हाला आत आणतात. बाहेरच्यांनी मागोमाग उडी मारायची नाही. रिकामा कॅन, दोरी, फुगवलेली ट्यूब फेका, जीवरक्षकाला बोलवा, ११२ लावा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

किनाऱ्याकिनाऱ्यात फरक असतो. नागाव, आक्षी, दिवेआगर सपाट. काशीदची पांढरी वाळू सुंदर, पण उतार तीव्र आणि लाटेला जोर, तिथे लहान मुलाला लाटेत सोडू नये. हरिहरेश्वरला डोंगराभोवतीची प्रदक्षिणेची वाट फक्त ओहोटीत करायची, आणि ओहोटी पूर्ण होण्याआधी सुरुवात करायची. भरती लागल्यावर तिथल्या खडकांवर फोटोसाठी थांबणं जिवावर बेतू शकतं. खाडीच्या तोंडाशी तर कधीच पोहू नका. पावसाळ्यात कुठेच नाही.

नवमी-दशमीला सकाळी आठ ते दहा पाणी उतरतं असेल. त्या वेळी मुलाला घोट्यापर्यंतच, आणि मोठा माणूस हाताच्या अंतरावर, समुद्राच्या बाजूला उभा. किनाऱ्याच्या बाजूला उभं राहून 'लक्ष आहे' म्हणणाऱ्यांचं लक्ष मोबाइलवर असतं.

गणितमास्तर

भरतीबद्दल आणखी एक. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. तीन मीटरचा चढ आणि पन्नासास एक असा उतार धरला, तर तिसऱ्या एका तासात पाणी ७५ सेंटिमीटर वर म्हणजे सुमारे ३७ मीटर आत येतं. भांगाला चढ कमी, पण प्रमाण हेच. 'आत्ता तर पाणी कुठे होतं!' हे वाक्य या तिसऱ्या तासातलं. चटई, चपला आणि गाडी याच हिशोबाने ठेवा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेले लोक परतताना बोट शोधतात तेही याच हिशोबाने.

भोचक

गाडी? वाळूवर? कोण नेतं अजून?

टीपकागद

दर शनिवारी कोणीतरी नेतंच. न्यायची नाही, बहुतेक ठिकाणी मनाई आहे, पुळणीवर कासवं अंडी घालतात, आणि खालून उडालेलं खारं पाणी पत्रा खातं. तरी रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबू नका, चाक स्वतःची कबर खोदतं. चारही चाकांची हवा १५-१८ पीएसआयवर आणा, चाकांमागची वाळू हाताने काढा, पायपुसणी खाली सारा, आणि आलात त्याच चाकोरीतून हळू मागे घ्या. हवा भरायचा पंप सोबत नसेल तर हवा काढून उपयोग नाही, पुढे गाव गाठता येत नाही.

आजीची_बटवी

ऊन: सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वर, बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं. मोठ्या माणसाला सगळ्या अंगाला सुमारे ३० मिलिलिटर लागतं, म्हणजे ५० मिलिलिटरची ट्यूब दोघांना एकदासुद्धा पुरत नाही. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणतात. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. कानाच्या पाळ्या, मान, पावलांची वरची बाजू विसरू नका. छत्रीखालीही लावा, वाळूवरून ऊन परततं.

जेलिफिश चावली (डंख मारते खरं तर) तर चोळायचं नाही, लघवी वगैरे अजिबात नाही, गोडं पाणीही लगेच नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने किंवा जुन्या कार्डाच्या कडेने उचला. नंतर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात २० मिनिटं. धाप लागली, तोंड सुजलं तर थेट दवाखाना. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे दिसणारे जीव किनाऱ्यावर येऊन पडतात, मेलेले दिसले तरी हात लावू नका.

सुरूची_सावली

'आता करायचं काय?' या प्रश्नावर कोणीच बोललं नाही.

हा प्रश्न ज्याला पडतो त्याला उंटगाडी आणि पॅराशूट दाखवून तो सुटत नाही, अर्ध्या तासाने पुन्हा पडतो. त्याला काहीतरी जवळून बघायला द्या. ओहोटीला पाणी मागे गेलं की ओल्या वाळूवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते, मधे एक भोक आणि त्यातून निघालेल्या रांगा. ते काम नखाएवढ्या खेकड्याचं. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पाऊल वाजलं की गुडुप. दोन मीटरवर उकिडवं बसून, सावली भोकावर पडू न देता, दोन-तीन मिनिटं हललात नाहीत तर बाहेर येतो. आधी दांड्यांवरचे डोळे, मग बाकीचा. पुढची भरती सगळी नक्षी पुसते, तो पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला हे पुरेल. दुपारी एकच्या ओहोटीला नेऊ नका, साडेदहा-अकराला पाणी बरंच उतरलेलं असतं, टोपी घालून अर्धा तास.

किल्ला करायचा तर आठ बादल्या वाळूला एक बादली पाणी. जास्त झालं की भिंत बसते, कमी झालं की ढासळते. खड्डा मात्र मुलाच्या गुडघ्याहून खोल नको, वाळूच्या कडा सांगून कोसळत नाहीत. निघताना बुजवायचा.

श्रीवर्धनकडचा

आमच्याकडे श्रीवर्धनलाही या. पेशव्यांचं मूळ गाव, पुणेकरांना माहेरी आल्यासारखं वाटायला हरकत नाही. किनाऱ्यालगत बांधलेली वाट आहे, ज्यांना वाळूत पायच घालायचा नाही त्यांना समुद्र बघत चालता येतं. आणि जेवण: घरगुती खानावळीत किती पानं, शाकाहारी किती, हे सकाळी दहाच्या आत सांगून ठेवायचं. दीड वाजता जाऊन मोदक मागायचे नाहीत.

चष्मेवाली

वाहनतळापासून चारपाचशे मीटर लांब चालत गेलं की गर्दी, चारचाकी स्कूटरी आणि भजनापासून डीजेपर्यंत सगळे आवाज संपतात. अर्धा वैताग गर्दीचा असतो, समुद्राचा नाही.

भोचक

असहमत. काहींना समुद्र मुळातच आवडत नाही. सपाट, सारखा, आवाज थांबत नाही. त्यांना खोलीच्या ओटीवर झोपाळा, पुस्तक आणि सोलकढी द्या आणि 'चल ना, मजा येईल' म्हणू नका. सगळ्यात जास्त वैताग त्या वाक्याचा असतो.

निवांत_कोथरूड

भोचक, हे मात्र खरं. वैतागणाऱ्यांना झोपाळा, बसणाऱ्यांना सातची भरती, मुलाला साडेदहाचा खेकडा. तिथी बदलत नाही. हातपंप, पावडर, दोन कॅन, पुढून बंद सँडल लिहिली. पायवाट, त्या प्लायच्या फळ्या सुताराकडून चार कापून घेऊ ना?

पायवाट

आठ. खुर्च्या दोन आहेत.